लॅपटॉपच्या कीबोर्डमधला तो लाल ठिपका खरंच कोणी वापरतं का? टचपॅड सोडून?

सेतू_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात गावातच माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म हेच दिवसभर. जुना डेस्कटॉप पावसाळ्यात गेला, डीपीवर वीज पडली होती, म्हणून नागपूरहून एक सेकंडहँड लॅपटॉप आणला, कंपन्यांमधून निघालेले येतात नं ते, काळा, जाडजूड. मशीन झकास आहे, तक्रार नाही. कीबोर्डच्या मधोमध जी, एच आणि बी या तीन बटणांच्या बेचक्यात एक लाल रबरी ठिपका आहे आणि स्पेसबारच्या खाली तीन बटणं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे ते कोणी वापरत नाही, शोचं आहे.

आता अडचण अशी की टचपॅड फार त्रास देतो. जिल्हा निवडायला जावं तर कर्सर उडी मारून तालुक्यावर, गट नंबर टाकायला जावं तर पेजच वर सरकतं, आणि समोर लोक ताटकळलेले, त्यातल्या अर्ध्यांना एसटी पकडायची असते. माऊस लावावा तर टेबलावर जागा नाही, एकीकडे प्रिंटर, एकीकडे अंगठ्याचं मशीन, मधल्या जागेत लोकांचे आधार कार्ड आणि पासबुक. म्हणून त्या ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं तर कर्सर एकदम कोपऱ्यात जाऊन बसतो, बाहेरच येत नाही.

तर विचारायचं हे की हे शिकण्यात काही अर्थ आहे का, की गुपचूप लहान माऊस घ्यावा?

शेगाव_कचोरी
दुकानदार बराबर बोलला भाऊ. आमच्या घरी पोट्ट्यानं खोडरब्बर समजून उपटलं अन् वहीवर घासून पाह्यलं. पान काळं झालं, मॅडमनं रिमार्क देल्ला, लॅपटॉपवाल्या काकाले मी तोंड देल्लं.

आर्वीकर
माऊस घ्या, दोनशे-तीनशेत येते, विषय संपला.

मूर्तिजापूर_पुणे
आर्वीकर, त्यांनी जागा नाही असं लिहिलंय, वाचा तरी.

सेतूभाऊ, मी मूळचा मूर्तिजापूरचा, सध्या पुण्यात नोकरीला, आणि ऑफिसात गेली बरीच वर्षं फक्त हाच ठिपका वापरतो, टचपॅड सेटिंगमधून बंदच करून टाकलाय. पहिली गोष्ट म्हणजे तो हलवायचा नसतो. नवीन माणूस त्याला व्हिडिओ गेमची दांडी समजून ढकलत बसतो. तो जागचा जवळजवळ हलतच नाही. खाली स्ट्रेन गेज असतात, म्हणजे ताण पडला की ज्यांचा रेझिस्टन्स बदलतो अशा बारीक पट्ट्या, त्यावरून मशीनला कळतं की बोट कुठल्या बाजूला किती जोर लावतंय. टचपॅडवर बोट जितकं सरकेल तितका कर्सर सरकतो, इथं हिशोब वेगळा, इथं जोरावर वेग ठरतो, ट्रॅक्टरच्या ॲक्सिलेटरसारखा. तुमचा कर्सर कोपऱ्यात जाऊन बसतो कारण तुम्ही पाय पूर्ण दाबलाय.

बोट नुसतं टेकवा, उचलू नका, आणि जिकडे जायचंय तिकडे जरासा कल द्या. आधी माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी करा, सवय झाली की वाढवा. खालच्या तीन बटणांपैकी डावं-उजवं नेहमीचंच. मधलं बटण दाबून धरून ठिपका वर-खाली दाबला की पेज सरकतं. लांबलचक फॉर्मला हे फार कामाचं आहे, ते कडेचं बारीक स्क्रोलबार शोधत बसावं लागत नाही.

पहिले काही दिवस चिडचिड होईल. त्या दिवसांत माऊस समोर ठेवला तर शिकणं होत नाही, हात आपोआप तिकडेच जातो.

कापूसकाटा
मी हिंगणघाटकडं जिनिंगमंदी काट्यावर बसतो. सीझनमंदी गाड्याइची लाइन लागली का टेबलावर माऊस फिरवाले जागा कुठं असते, पावत्याइचा ढीग, चहाचे गिलास, वजनाचा डिस्प्ले. माऊस पावतीवर फिरवला का पावतीच सरकते अन् कर्सर हाय तथीच. टचपॅडचं तं बोलूच नोका. कापूस पाहू पाहू बोटं खरखरीत होऊन जाते, हिवाळ्यात भेगा पडते, मंग टचपॅडले बोट लागलं का नाई तेच समजत नाई. आमच्या इकडं म्हाताऱ्या कास्तकाराईचा अंगठा मशीन घेत नाई, तेच दुखणं. ह्या ठिपक्याले कातडी कशी हाय त्याच्याशी घेणंदेणं नाई, त्याले फक्त जोर समजते. हातमोजा घालून बी चालते, मी पाह्यलं.

फक्त एक सांगतो, त्याच्या बुडाशी रुईचे तंतू गुंडाळून बसते. मंग एका बाजूले जड जाते, डावीकडं चालते अन् उजवीकडं आडते. लाल टोपी सरळ वर ओढली का निघते, चिमट्यानं तंतू काढाचे अन् परत दाबून बसवाची. तेवढी सेवा करा लागते.

झेडपीवाली_बाई
मी विरुद्ध मत मांडते. आमच्या शाळेत दान म्हणून आलेल्या लॅपटॉपला तो ठिपका होता, हौसेने वापरला, आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर दुखायला लागलं. टचपॅडवर बोट मोकळं फिरतं, इथे एकाच जागी दाबून धरायचं. शाळेची ऑनलाइन माहिती भरताना दोन-दोन तास बसावं लागतं, तेव्हा हे जाणवतं. शिवाय दोन बोटांनी झूम करणं, फोटो मोठा करून बघणं, हे त्या ठिपक्याने कसं करणार? आणि फोटो क्रॉप करताना चौकोन ओढायचा म्हणजे शिक्षाच. सेतूवाल्यांना तर दिवसभर पासपोर्ट फोटो आणि सह्या कापाव्या लागतात.

ज्यांना तो आवडतो त्यांना तो जरा जास्तच आवडतो एवढंच माझं निरीक्षण. मूर्तिजापूर_पुणे यांनी राग मानू नये.

मूर्तिजापूर_पुणे
राग कसला मॅडम. पण पेर दुखतं ते जोर लावल्यामुळे. वेग कमी असला की माणूस जास्त दाबतो. सवय झाल्यावर सेन्सिटिव्हिटी वाढवली की अगदी हलक्या स्पर्शाने चालतं. आणि टोपी झिजून गुळगुळीत झाली असेल तर बोट घसरू नये म्हणून आपण नकळत अजून दाबतो. दान आलेल्या मशीनची टोपी झिजलेलीच असणार. झूमचं मात्र मान्य, तिथे कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबावं लागतं.

टायपिंग_क्लास_पुसद
क्रॉपवरून मॅडमशी सहमत नाही. उलट ओढायचं काम ठिपक्यानेच सोपं पडतं. अंगठ्याने डावं बटण धरून ठेवायचं आणि तर्जनीने ठिपक्याला कल द्यायचा, बटण सुटत नाही. टचपॅडवर ओढता ओढता पॅड संपतो, बोट उचललं की चौकोन तिथेच सुटतो. ज्यांचा पॅडच खाली दाबला जातो, वेगळी बटणंच नाहीत, त्यांच्यावर तर विचारूच नका.

बाकी माझा अनुभव क्लासमधला. माझ्याकडे मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची तयारी करणारी मुलं-मुली येतात. ज्याची बोटं होम रोवर, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या रांगेवर, बसलेली आहेत त्याला हा ठिपका लगेच जमतो, कारण तर्जनी तशीही जी आणि एच वर जातच असते, हात मनगटापासून हलवावाच लागत नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्या, तो ठिपका उकाराची मात्रा, प आणि व यांच्या मधे बसलेला आहे. "पुढे", "पुरवठा" असे शब्द टाइप करताना नव्या पोरांचं बोट ठिपक्याला घासतं आणि कर्सर जरासा हलतो, मग ओरडा येतो, सर माझं हललं. हललं तरी टायपिंग होतं तिथेच होतं, क्लिक झाल्याशिवाय काही बिघडत नाही.

दोन बोटांनी शोधून शोधून टाइप करणाऱ्याला मात्र याचा फायदा शून्य. त्याचा हात तसाही हवेतच असतो.

शेगाव_कचोरी
मी एका बोटानं टाइप करतो. दुसरं बोट सोनपापडीत असते.

वायरमन_बापू
सगळे ठिपक्यावर बोलून राह्यले, मूळ दुखणं कोणी विचारलंच नाही. सेतूभाऊ, एक काम करा. टचपॅड उड्या मारत असताना चार्जर काढून पाहा. बॅटरीवर शांत झाला तर टचपॅड चांगला आहे, तुमच्या बोर्डाला आर्थिंग नाही. आणि चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या खालच्या स्क्रूला किंवा कडेच्या धातूला मनगट लावलं तर झिणझिण येते का तेही सांगा.

कारण असं की या चार्जरच्या आत गडबड गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडासा करंट तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा असतो. आपल्याकडे सॉकेटला तीन भोकं असतात पण वरच्या मोठ्या भोकात मागून वायरच नसते, किंवा असते ती बोर्डातच गुंडाळून ठेवलेली असते. मग तो करंट जमिनीत जात नाही, लॅपटॉपच्या अंगावर राहतो. टचपॅड हा बोटाची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, मोजून चालतो, ती मोजणीच बिघडते, त्याला एका बोटाची दोन दिसतात. वर कोणीतरी सांगितलं तसं ठिपका जोरावर चालतो, म्हणून त्याला या भानगडीचा फरक पडत नाही.

कृपा करून एक जुगाड करू नका. काही पोट्टे तिसरी पिन न्यूट्रलला जोडून देतात, झिणझिण थांबते आणि सगळे खूश होतात. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर पूर्ण करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येईल. तुमच्याकडे अंगठा लावायला म्हाताऱ्या बाया येतात, विचार करा.

सेतू_दारव्हा
बापू, आत्ता करून पाहिलं. चार्जर काढला आणि टचपॅड एकदम सरळ! चार्जर लावला की पुन्हा नाच सुरू. आणि झिणझिण येते, हो. मी समजत होतो पंख्याचं व्हायब्रेशन आहे.

आर्वीकर
बापूंनी एका पोस्टमध्ये धागा संपवला.

कूलरची_टाकी
संपवला कुठे, आता सुरू झाला. बापू आमच्याकडे आर्थिंग केलेलं आहे, पाइप टाकलेला आहे, तरी मे महिन्यात टचपॅड येड्यासारखं करतो आणि पावसाळ्यात बरोबर चालतो, हे काय आहे? मला वाटायचं कूलरच्या दमट हवेने बोट ओलं होतं म्हणून.

वायरमन_बापू
दोन्ही असू शकतं. ओल्या बोटाने टचपॅड चुकतो हे खरं आहे. कूलरसमोर बसून घाम पुसत काम करणाऱ्याचा तो त्रास वेगळा, तो बॅटरीवरही होईल. पण तुम्ही मे म्हणाला त्यावरून आर्थिंगच वाटते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपला माती चिकटून राहत नाही. माती कोरडी झाली की आर्थिंग नावाला उरते. पाइपच्या भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिलेले असले तर ओल धरून राहते, पण तेही दर उन्हाळ्यात पाणी मागते. पाइपच्या तोंडाशी आठवड्याला एक-दोन बादल्या ओता. नवीन करणार असाल तर न्हाणीचं पाणी जाते त्याच्या जवळ खड्डा घ्या, वेगळं पाणी टाकायची आठवणच ठेवावी लागत नाही. कूलरचं जुनं पाणी काढता तेव्हा तेही तिथेच सोडा.

कूलरची_टाकी
म्हणजे शेवटी कूलरच कामाला आला.

झेडपीवाली_बाई
शाळेच्या बोर्डाची तिसरी पिन उद्याच बघायला लावते. धागा उघडला होता मजेसाठी, हे कामाचं निघालं.

नागपूरचा_म्हातारा
मंडळी, जरा इतिहासाचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे जा. हा ठिपका टेड सेल्कर नावाच्या संशोधकाच्या डोक्यातून निघाला. १९८४ मध्ये त्याच्या वाचनात आलं की टाइप करणाऱ्या माणसाला हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला पाऊण सेकंद लागतो आणि परत यायला साधारण तेवढाच. त्याचं म्हणणं, हात हलवायचाच कशाला. पुढे आयबीएममध्ये जोसेफ रटलेज या सहकाऱ्याबरोबर त्याने हे काम तडीस नेलं आणि १९९२ साली आयबीएमच्याच थिंकपॅड ७००सी या लॅपटॉपमध्ये ट्रॅकपॉइंट या नावाने ते बाजारात आलं. तेव्हा लॅपटॉपवर आजचा टचपॅड नव्हता. कोणी गोल फिरणारा ट्रॅकबॉल द्यायचं, कोणी बाहेरून चिकटवायचा माऊस. ॲपलने पॉवरबुक ५०० मध्ये टचपॅड आणला तो १९९४ मध्ये. त्यामुळे जे लोक याला टचपॅडची नक्कल म्हणतात त्यांनी साल बघावं.

१९९३ च्या डिसेंबरात हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला जे एन्डेव्हर यान गेलं त्यातही थिंकपॅड होता. तिथे माऊस ठेवायला टेबल आणि टेबलावर टिकायला वजन दोन्ही नाही, सेतूभाऊंपेक्षा वाईट परिस्थिती.

आयबीएमचा पीसी धंदा २००५ मध्ये लेनोव्होकडे गेला, ठिपका सोबत गेला. डेलच्या लॅटिट्यूडमध्ये, एचपीच्या एलिटबुकमध्ये, तोशिबात असे दांडे बरेच होते, वेगवेगळ्या नावांनी. आता बहुतेकांनी काढून टाकले.

आर्वीकर
काका पाऊण सेकंद वाचवून काय करता? साइट उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो, कोणती साइट ते विचारू नका.

सेतू_दारव्हा
हे मात्र लाख बोललात. सर्व्हर बसला की ठिपका, टचपॅड, माऊस तिन्ही एकाच लायकीचे.

टायपिंग_क्लास_पुसद
पाऊण सेकंदाची गंमत एकदा जाण्यात नाही. एका फॉर्मला जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, खातेदार, प्रत्येक चौकटीत आधी क्लिक मग टाइप मग परत क्लिक. एवढी ये-जा केली की मनगट आणि खांदा बोलायला लागतो, सेकंद कोण मोजतं. तरी सेतूभाऊंना माझा सल्ला वेगळाच आहे. आधी टॅब बटण शिका. टॅबने पुढच्या चौकटीत जा, बाणाने यादीत खाली या, जिल्ह्याचं पहिलं अक्षर दाबा, एंटर मारा. जिथे टॅब अडकतो तिथेच ठिपका किंवा पॅड. माझ्याकडची चांगली मुलं असंच करतात.

धानवाला_गोंदिया
आमच्या राइस मिलवर पण तेच, कोंडा उडतो सगळीकडे. टचपॅडवर हात पुसून पुसून त्याची कडा पांढरी झाली.

एक विचारायचं होतं, माझा ठिपका कधी कधी कोणी हात न लावता कर्सर एका बाजूला नेत राहतो. भुताटकी आहे की बिघाड?

शेगाव_कचोरी
भूतच हाय. गिरणीत उतारा ठेवजा, कोंड्याचा नोको, तांदळाचा.

मूर्तिजापूर_पुणे
त्याला ड्रिफ्ट म्हणतात आणि बहुतेक वेळा बिघाड नसतो. तुम्ही ठिपका बराच वेळ एका बाजूला दाबून ठेवला की आतलं कंट्रोलर समजतं की हीच याची मोकळी स्थिती, आणि तेच शून्य धरून बसतं. बोट काढलं की आता त्याला उलट बाजूला जोर दिसतो, म्हणून कर्सर उलटा चालायला लागतो. उपाय म्हणजे काहीच न करणं. बोट पूर्ण उचला, क्षण-दोन क्षण थांबा, तो स्वतःच नवीन शून्य पकडतो. लोक घाबरून त्याला उलटीकडे दाबतात आणि गोंधळ वाढवतात. हात उचलल्यावरही तो थांबतच नसेल तर कापूसकाटा यांनी सांगितलं तशी टोपी काढून बुड साफ करा, कोंडा अडकला असेल किंवा टोपी शेजारच्या बटणाला टेकत असेल.

धानवाला_गोंदिया
कोंडाच निघाला, चिमूटभर. धन्यवाद. उतारा वाचला.

कापूसकाटा
टोपी हरपली तं काय कराचं ते बी सांगतो. नवी इथं मिळत नाई, ऑनलाइन मागवा लागते, अन् आमच्या गावी कुरिअर तालुक्यापर्यंतच येते. तोवर मी सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी कापून त्या खुंटीवर चढवली. पह्यले बोट घसरे, मंग नळीचं तोंड पॉलिश पेपरवर घासलं, बराबर पकड आली. दिसाले भंगार दिसते पन सीझन निघून गेला त्याच्यावर.

झेडपीवाली_बाई
सायकलच्या नळीवर जिनिंगचा हिशोब. हे मला वर्गात सांगायला हवं.

नागपूरचा_म्हातारा
टोप्यांचे तीन प्रकार येतात, एक खरखरीत, एक गोल मऊ आणि एक मधे खोलगट कड असलेली. मॅडमचं पेर दुखत असेल तर खोलगट वापरून बघावी, बोट तिच्यात बसतं, जोर कमी लागतो. फक्त उंची बघून घ्या. जुन्या जाड मॉडेलची उंच टोपी नव्या पातळ मॉडेलला लावली आणि झाकण बंद केलं तर स्क्रीनवर दाब पडतो, नंतर मधोमध डाग दिसतो. जुन्यांची खुंटी जाड, नव्यांची बारीक, त्यामुळे भोकाचं मापही वेगळं असतं.

आर्वीकर
बरं एवढं सगळं ऐकून मला पण घ्यावासा वाटून राह्यला. सेकंडहँडमध्ये कोणता पाहावा? वावरात नाही, घरीच वापरायचा, पण लाइटचा भरोसा नाही.

मूर्तिजापूर_पुणे
लाइटचा भरोसा नसेल तर थिंकपॅडचा टी४८० बघा, त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी. लॅपटॉप चालू असतानाच बाहेरची बदलता येते, बंद करावा लागत नाही. टी४४० आणि त्याच्या भावंडांपासून सावध, २०१३ च्या त्या पिढीत ठिपक्याची वेगळी तीन बटणं काढून टाकली होती आणि सगळं पॅडवर ढकललं होतं. ठिपका आहे पण बटणं नाहीत, म्हणजे अर्धंच. लोकांनी इतकी ओरड केली की टी४५० मध्ये बटणं परत आणावी लागली. घेताना ठिपक्याने कर्सर चारही बाजूंना फिरवून बघा आणि तिन्ही बटणं दाबून बघा. मधलं नक्की दाबा, दुकानात ते कोणी तपासत नाही.

कूलरची_टाकी
मधल्या बटणावरून आठवलं, मी लिनक्स टाकलं तर मधलं बटण दाबलं की मागे सिलेक्ट केलेलं काहीही पेस्ट होतं. एकदा व्याह्यांना लिहिलेल्या मेलमध्ये सोयाबीनचे भाव चिकटले.

शेगाव_कचोरी
व्याह्यांनी भाव पाहून होकार देल्ला का?

मूर्तिजापूर_पुणे
लिनक्समध्ये ते पूर्वीपासून तसंच आहे, डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये मधल्या बटणाचं पेस्ट बंद करता येतं. दाबून धरून स्क्रोल केलं तर पेस्ट होत नाही, नुसतं दाबून सोडलं तर होतं.

नागपूरचा_म्हातारा
तुम्ही सगळे उत्साहात आहात म्हणून दुःखद बातमी पण देऊन ठेवतो. २०२५ मध्ये थिंकपॅड एक्स९ आला त्यात ठिपकाच नाही, मोठा टचपॅड आहे. बाकी मॉडेलमध्ये अजून आहे. पण दिशा कळते.

कापूसकाटा
जाऊ द्या काका. तिकडच्या लोकाईच्या हाताले रुई लागत नाई, त्याइले काय गरज. आपल्याले जुनी मशीनं पुरते.

सेतू_दारव्हा
परत आलो मंडळी. बापूंच्या सांगण्यावरून गावच्या वायरमनला घेऊन बोर्ड उघडला तर बरोबर तेच, वरच्या भोकात वायर होती पण मागे कुठेच जोडलेली नव्हती, नुसती हिरवी वायर भिंतीत घुसून संपली. आता दुकानाच्या मागे पाइप ठोकला, कोळसा विटभट्टीवरून आणला, मीठ किराण्यातून. झिणझिण गेली, टचपॅड माणसात आला.

आणि तरी ठिपका सुटत नाहीये. दरम्यानच्या दिवसांत नाइलाजाने त्याच्यावरच काम केलं, वेग कमी करून, आणि आता हात पॅडवर नेणं जिवावर येतं. याद्या निवडायला टॅब, बाकीला ठिपका. फोटो कापायला अंगठा-तर्जनीची पुसदवाली पद्धत वापरतो, चांगली आहे. मात्र उभा लांब नकाशा बघायचा असला की पॅडच बरा, दोन बोटांनी पटकन मोठा होतो, तिथे मॅडम बरोबर आहेत. अडचण एकच, माझा भाचा संध्याकाळी दुकानावर बसतो तो येऊन पहिल्यांदा माऊस शोधतो आणि मग माझ्या सगळ्या सेटिंग बदलून ठेवतो.

झेडपीवाली_बाई
त्याचं वेगळं युजर अकाउंट करा. शाळेत आम्ही तेच केलंय, नाहीतर रोज कुणीतरी कर्सर उलटा करून जातं.

शाळेची तिसरी पिन पण रिकामी होती बरं का. सगळ्या वर्गांची.

वायरमन_बापू
सगळ्या वर्गांची असेल तर वर्गावर्गात उपाय करू नका, मेन बोर्डापाशी बघा, तिथूनच आर्थिंगची वायर सुटलेली असेल. आणि एखाद्या लायसन्सवाल्या माणसाकडून आर्थिंग मोजायच्या मेगरने मोजून घ्या, लेकरं आहेत.

धानवाला_गोंदिया
टी४८० ला उंच टोपी लागते की बुटकी? एक मिळून राह्यला आहे ओळखीतून, टोपी नाही त्याला.

नागपूरचा_म्हातारा
बुटकी, बारीक भोकाची. मागवताना मॉडेलचं नाव टाकूनच शोधा, आणि दहाचं पाकीट घेऊ नका, दोन पुरे होतात.

शेगाव_कचोरी
दहाचंच घ्या. पोट्टे हायत नं घरी.